सातव्या फेरीतली मागणी

“ह्यातला नवरदेव कुठला म्हणायचा, भूपाल?” दादांनी टीव्हीकडं बोट करून विचारलं.

टीव्हीवर नव्या कोऱ्या सुटातला एक धिप्पाड मुलगा आईच्या खांद्यावर डोकं ठेवून रडत होता. भोवती पंधरा-वीस माणसं टाळ्या वाजवत होती. कुणीतरी त्याच्या डोक्यावर टोपी चढवली.

“लग्न नाही ते, दादा. त्याला संघानं निवडलं. टोपी त्या संघाची,” आमचे हे म्हणाले.

“मग लग्नच की. पोरगं रडतंय, आई रडत्या, आणि पाहुणे जेवायच्या वाटेवर.”

दादा म्हणजे माझे थोरले दीर, बाबगोंडा. दोन महिन्यांसाठी समडोळीहून आमच्याकडं कॅलिफोर्नियात आले होते. सांगलीच्या आसपासच्या आमच्या जैन समाजात त्यांनी इतकी लग्नं जुळवली होती, की घरची शेती पुतण्यांवर टाकून ते वर्षाचे आठ महिने लोकांच्या ओसरीवरच असायचे. कुठल्याही गोष्टीत त्यांना आधी स्थळ दिसायचं.

मी स्वयंपाकघरात थालीपीठ लावत होते. श्रेयांस माझ्याशेजारी ओट्याला टेकून उभा होता. एरवी तव्यावरचं उचलून पळणारा मुलगा, त्या दिवशी बशीतलं थालीपीठ नुसतं कुसकरत होता.

“माझं नाव आज येणार नाही, आई,” तो हळूच म्हणाला. “येऊ नये असंच वाटतंय.”

“असं का रे? बाबा तर गुरुवारपासून हलले नाहीत तिथून.”

“तेच तर.” त्यानं बाहेर बघितलं. “शाळेत असताना एक मॅच बघायला आले नाहीत. लाथा मारून पोट भरत नाही म्हणायचे. आणि आता समडोळीतल्या सगळ्यांना टीव्ही लावायला सांगितलंय.”

मग त्यानं मला सगळं समजावून सांगितलं. सांगताना त्याचा आवाज मोकळा झाला, म्हणून मीही मध्ये मध्ये विचारत राहिले. दर वर्षी वसंतात अमेरिकन फुटबॉलचे सगळे मोठे संघ कॉलेजातली मुलं निवडतात. पाळीपाळीनं, आणि गेल्या वर्षी जो सगळ्यात जास्त हरला त्याची पाळी आधी. अशा सात फेऱ्या, तीन दिवस. मुलाला कुणी विचारत नाही. ज्यानं नाव घेतलं त्याच्याकडं जायचं. श्रेयांससारखा लाथेनं चेंडू उडवणारा, ज्याला किकर म्हणतात, तो तर संघात एकच लागतो, म्हणून त्याचं नाव क्वचितच निघतं. पण सात फेऱ्या संपल्या की उरलेली मुलं मोकळी होतात. मग ज्याला जो हवा तो फोन करतो आणि मुलगा हो किंवा नाही म्हणू शकतो.

“म्हणजे उरलेलं बरं,” मी म्हणाले.

“माझ्यासाठी बरं. एका संघाचे कोच आहेत, रूडी, ते माझी वाट बघतायत. त्यांचा किकर म्हातारा झाला, त्यानं खेळ सोडला. जागा खरोखर रिकामी आहे. रूडी मला तीनदा बघून गेले. फेरी संपता संपता फोन करतो म्हणालेत. फक्त हो म्हणायचं.”

“आणि बाकीचे?”

“बाकीच्यांकडं चांगले किकर आहेत. त्यांना सरावाच्या शिबिरापुरता दुसरा पाय लागतो, मोठ्याचा पाय दमू नये म्हणून. ऑगस्ट आला की नारळ. आणि एकदा शब्द दिला की दिला, आई. ही कोच मंडळी एकमेकांना ओळखतात. दोघांना शब्द देणाऱ्याला कोणी जवळ करत नाही.”

दादांची हाक आली, “अरे श्रेयांस, ही सहावी फेरी काय? सप्तपदीला एकच राहिली की.” हे जोरात हसले.

श्रेयांसला ते सहन होईना. त्यानं चेंडूंची पिशवी उचलली. शाळेचं मैदान आमच्या गल्लीच्या टोकाला, खाली खळग्यात होतं. तिथं फोन लागत नसे, म्हणून त्यानं आपला फोन ह्यांच्या हातात दिला.

“बाबा, कोणी कोच बोलला तर एवढंच सांगा की तो बाहेर गेलाय, थोड्या वेळात फोन करेल. तुम्ही दुसरं काही बोलू नका. मी सातवी फेरी सुरू व्हायच्या आत येतो.”

“मला काय कळत नाही होय?” हे म्हणाले, पण फोन त्यांनी दोन्ही हातांत घेतला.

माझी दुपारच्या सामायिकाची, आमच्या जैनांच्यातल्या ध्यानाची, वेळ झाली होती. वरची खोली दादांना दिलेली, म्हणून मी दिवाणखान्याच्याच कोपऱ्यात, सोफ्याच्या मागं आसन घालत असे. सामायिकाला बसताना आपण मनात म्हणतो की एवढ्या वेळापुरतं घर माझं नाही, दार माझं नाही, नवरा आणि मूल माझं नाही. मग कुणी हाक मारली तरी बोलायचं नाही, खुणवायचं नाही, आसन सोडायचं नाही. लग्नाआधीपासून मी हे करत आले होते. श्रेयांसच्या वेळी कळा सुरू झाल्या तेव्हासुद्धा पुरं करूनच उठले होते, आणि सासूबाई ते चारचौघींत सांगायच्या.

ह्यांनी टीव्हीचा आवाज थोडा कमी केला. मी डोळे मिटले.

पहिला फोन आला तेव्हा मन अजून स्थिर झालं नव्हतं.

“स्पीकरवर टाक, स्पीकरवर,” दादा कुजबुजले. त्यांना इंग्रजी कळत नव्हतं, पण बोलणी ऐकल्याशिवाय त्यांना राहवत नसे.

तिकडचा माणूस तळ्याकाठच्या कुठल्याशा थंड शहराच्या संघाचा होता. मुलगा उरला तर आमच्याकडं येईल का, असं त्यानं विचारलं. ह्यांनी आधी सांगायचं ते सांगितलं, की श्रेयांस बाहेर गेलाय. मग तो माणूस मुलाचं कौतुक करायला लागला. पाय सुरेख आहे, डोकं शांत आहे, घरचे संस्कार दिसतात.

संस्कार म्हटल्यावर हे विरघळले. “होय, सर. नक्की येईल, सर. आमचा मान आहे,” असं म्हणून मोकळे झाले.

मी डोळे उघडले. समोर भिंत होती.

“काय म्हणाला?” दादांनी विचारलं.

“मागणी घातली, दादा.”

“आणि तू काय सांगितलंस?”

“हो म्हटलं. एवढा मोठा माणूस स्वतः फोन करतोय. नाही कसं म्हणायचं?”

“बरोबर. आलेल्या स्थळाला नाही म्हणायचं नसतं. सगळी धरून ठेवायची. एक पक्कं झालं की बाकीच्यांना पत्रिका जुळत नाही म्हणून कळवता येतं.”

मी मोठ्यानं श्वास सोडला. त्यापलीकडं काही करता येत नव्हतं. णमोकार मंत्र सुरू केला आणि दोनदा मध्येच चुकला. मनात म्हटलं, श्रेयांस आता येईल, आल्यावर तो त्या माणसाला समजावून सांगेल. एकाचं निस्तरता येईल.

तेवढ्यात दुसरा आला. हा वाळवंटातल्या संघाचा. ह्या खेपेला ह्यांनी मुलगा बाहेर आहे हेही सांगितलं नाही. “श्रेयांसचे वडील बोलतोय,” अशी सुरुवात केली, आणि त्या आवाजात असा काही भरदारपणा होता, जो मी आमच्या उभ्या संसारात ऐकला नव्हता. पाणीपुरवठा खात्यात वरिष्ठांसमोर मान खाली घालून बोलणारा माणूस. ह्यांना कधी कुणी काही मागायला आलं नव्हतं. त्यांनी ह्याही माणसाला हो म्हटलं. वर “घरच्या सगळ्यांना आनंद झाला,” असंही सांगितलं.

घरच्या सगळ्यांतली मी तिथंच मागं बसले होते.

टीव्हीवर सातवी फेरी सुरू झाली होती. श्रेयांसचा पत्ता नव्हता. खाली खळग्यात चेंडू लावायचा, उडवायचा, परत आणायचा, यात त्याला वेळेचं भान राहत नसे. मला माझ्या मांडीखालचं आसन टोचायला लागलं. रोज ज्यावर बसून जगाचा विसर पडायचा त्याच जागेवर मला एकेक शब्द कानात शिरलेला कळत होता, आणि त्यातला एकही थांबवता येत नव्हता. कुणाचा राग यायला हवा तेही ठरवता येईना. ह्यांचा, दादांचा, की स्वतःचाच.

तिसरा फोन वाजला.

“मी रूडी,” तो आवाज म्हणाला. खरखरीत, सावकाश बोलणारा आवाज. “श्रेयांस आहे का?”

“श्रेयांसचे वडील बोलतोय, सर.”

“फार आनंद झाला. मुलगा तुमच्याबद्दल सांगत असतो. माझ्याजवळ वेळ थोडा आहे. त्यानं अजून कुणाला शब्द दिला नाही ना, एवढंच विचारायचं होतं.”

ह्यांनी फोनवर हात ठेवला. “दादा, विचारतोय की आणखी कुठं बोलणी झालीत का.”

“सांग की मग. दोघं दारात उभे आहेत म्हणावं. आपल्या मुलाला मागणी आहे कळलं म्हणजे हा घाई करतो. साताऱ्याच्या त्या इंजिनिअरचं असंच जमवलं मी.”

मी आसनावरून उठले.

पायाला मुंग्या आलेल्या. सोफ्याला धरून मी पुढं आले. “अहो,” म्हणाले. “अहो, फक्त हो म्हणा. दुसरं काही सांगू नका.”

मला वाटलं मी ओरडले. पण लहानपणापासून माझा आवाज असा, की शेजारच्या खोलीत कोणी आहे हे कळत नाही. त्याचंच कौतुक होऊन मी त्या घरात आले होते. टीव्हीवर टाळ्या वाजत होत्या. ह्यांनी माझ्याकडं न बघता तळहात दाखवला. दादा म्हणाले, “थांब जरा पद्मा, बोलणी चाललीत.”

आणि ह्यांनी रूडींना सांगितलं. दोन संघांनी विचारलंय, दोघांना आम्ही हो म्हटलंय, पण तुमचाही विचार जरूर करू.

“असं आहे तर,” रूडी म्हणाले. “मला वाटलं होतं आमचं ठरलंय. असो. अभिनंदन. मुलाला माझ्या शुभेच्छा सांगा.”

फोन बंद झाला.

“अभिनंदन म्हणाला,” हे दादांना म्हणाले. चेहरा फुलला होता. “तीन झाले, दादा. तीन.”

“अहो, त्यांना परत फोन लावा,” मी म्हणाले. आता अगदी त्यांच्या समोर उभी होते. “श्रेयांसला तिथंच जायचंय. ते आता दुसरा मुलगा बघतील.”

“आपण लावायचा?” दादांनी भुवया वर केल्या. “आपण फोन केला की आपली गरज दिसत्या. बघ, पाच मिनिटांत त्याचाच येतोय.”

“नाही येणार, दादा. ह्यांच्यात तसं नसतं.”

“सगळ्यांच्यात तसंच असतं.”

हे माझ्याकडं बघत होते. “तुझं सामायिक एवढ्यात झालं?”

“मोडलं.”

“मोडलं? तू?” त्यांना खरोखर वाईट वाटलेलं दिसलं. “कशाला पण? जा, परत बस. इथलं मी बघतो.”

मी त्यांच्या हातातला फोन ओढून घेतला. तो श्रेयांसच्या बोटाशिवाय उघडत नव्हता. मी तसाच तो सोफ्यावर टाकला आणि दाराबाहेर पडले. पायात चप्पल नव्हती हे गल्लीच्या मध्यावर कळलं. सामायिकाचं पांढरं लुगडं नेसलेली बाई रस्त्यानं पळताना बघून समोरच्या घरातला माणूस गवत कापायचं सोडून बघत राहिला.

श्रेयांस चेंडू लावून दोन पावलं मागं सरकला होता. मला बघून थांबला.

“फोन आला?”

“रूडींचा आला.”

तो हसला. त्या आठवड्यात पहिल्यांदा. “काय म्हणाले?”

“बाबांनी घेतला.”

त्याचं हसू लगेच गेलं नाही. थोडा वेळ तिथंच राहिलं, जागा चुकल्यासारखं. “बाबांनी सांगितलं ना, मी परत करतो म्हणून?”

मी सगळं सांगितलं. धाप लागली होती, म्हणून तुकड्यातुकड्यानं. त्यानं चेंडू तिथंच सोडले आणि पळत सुटला. मी मागून चालत गेले. आता पळून काही होणार नव्हतं.

मी घरात शिरले तेव्हा श्रेयांस सोफ्यावरचा फोन उचलून रूडींना लावत होता, पण तिकडून कुणी घेत नव्हतं. टीव्हीवर रूडींच्या संघाची पाळी चालू होती. नाव आलं. आयडाहोचा एक मुलगा, किकर. त्याचं चित्र दाखवलं. लाल केसांचा, कानाशी मुरुमं असलेला. आनंदी दिसत होता.

“हा तुझ्यासारखाच लाथा मारणारा काय रे?” दादा म्हणाले. “तुला तीन आणि ह्याला एकच. गरीब बिचारा.”

श्रेयांस तसाच फोन कानाला लावून गॅरेजमध्ये गेला. मी त्याच्या मागं गेले. तो गाडीच्या बॉनेटवर बसला होता, फोन कानाला. मला त्याचंच बोलणं ऐकू येत होतं. “येस सर.” मग बराच वेळ काही नाही. “नो सर, माय फादर डजन्ट लाय.” मग पुन्हा, “येस सर. आय अंडरस्टँड.”

फोन खाली ठेवून तो बुटाच्या टोकाची माती खरवडू लागला.

“काय म्हणाले?”

“म्हणाले, दोन ठिकाणी शब्द गेलाय असं तुझ्या वडलांनीच सांगितलं, मग मला दुसरा बघावा लागला. तुझा शब्द मोडायला लावणारा मी नव्हे.” त्यानं फोन खिशात घातला. “मी सांगणार होतो की बाबांना कळलं नाही. पण मग बाबा खोटं बोलले असं झालं असतं. की खुळे आहेत असं. सांगताच येईना, आई.”

“रागावले का?”

“नाही. रागावले असते तर बरं झालं असतं.”

आतून हे हाक मारत होते. “श्रेयांस, ये की रे लवकर. समडोळीचा व्हिडिओ कॉल आलाय. सगळी गल्ली बसली आहे.”

“मी सांगते त्यांना,” मी म्हणाले. इतका राग मला स्वतःच्या अंगात कधी माहीत नव्हता. “दादांसमोर सांगते. काय केलंत ते कळू दे.”

श्रेयांसनं माझं मनगट धरलं. “नको.”

“का नको? तुझ्या जन्माचं नुकसान केलं त्यांनी.”

“तू त्यांचा चेहरा बघितलास ना? ते आज पहिल्यांदा माझ्या बाजूनं आहेत, आई.”

“मला खोटं बोलता येत नाही, श्रेयांस.”

“खोटं बोलू नकोस. बोलूच नकोस.”

तो आत गेला. दाराच्या फटीतून मला दिसलं, ह्यांनी त्याला जवळ ओढलं, खांद्यावर हात टाकला आणि फोन समोर धरला. त्या छोट्या काचेतून समडोळीची माणसं हात हलवत होती. तोही हलवू लागला.

तळ्याकाठच्या संघानं त्याला शिबिराला नेलं, आणि ऑगस्टमध्ये नारळ दिला. पुढच्या वर्षी त्यानं आणखी दोन ठिकाणी पाय दाखवला. रूडींच्या संघाकडं नव्हे, दुसऱ्यांकडं. कुणी घेतलं नाही. आयडाहोचा तो लाल केसांचा मुलगा मात्र टिकला. कधीतरी रविवारी तो टीव्हीवर दिसायचा. हे म्हणायचे, “आपला श्रेयांस ह्याच्यापेक्षा सरस होता. पण तिथलं राजकारण.” श्रेयांस आता पोर्टलंडजवळ एका शाळेत गणित शिकवतो.

ह्या गोष्टीला पुष्कळ वर्षं झाली. दादाही आता नाहीत. गेल्या हिवाळ्यात त्यांच्या नातीच्या लग्नाला आम्ही सगळे सांगलीला गेलो होतो. रात्रिभोजन नको म्हणून ऊन कलायच्या आत पंगत बसवली होती. पुरुषांच्या ओळीत हे आणि श्रेयांस, समोर बायकांच्या ओळीत मी. मुलाकडच्या एका पाहुण्यानं श्रेयांसला विचारलं की तुम्ही तिकडं खेळायचा म्हणे. मग ह्यांना थांबवणं शक्य नव्हतं.

“एका दुपारी तीन फोन,” हे सांगत होते. “तीन संघ. मी स्वतः बोललो तिघांशी. दादा शेजारी. आमच्या दादांनी आयुष्यात जुळवलेलं सगळ्यात मोठं स्थळ ते.”

“मग तिघांतला कुठला घेतला?” पाहुण्यानं विचारलं.

हे श्रेयांसकडं वळले. “सांग की तूच.”

श्रेयांस पुरीचा तुकडा मोडत होता. “बाबांनी ज्याला पहिला शब्द दिला, तोच,” तो म्हणाला. “आमच्या घरात तसंच असतं.”

“बघा,” हे पाहुण्यांना म्हणाले, आणि त्याच्या पाठीवर थाप मारली. अख्खी ओळ हसली. श्रेयांसही हसला. त्यानं माझ्याकडं बघितलं नाही.

वाढपी माझ्या ताटात भात वाढून पुढं गेला होता. त्यावर तूप पडलं होतं. मी तो कालवला, आणि घास उचलला नाही. मी हात धुवायला उठले तशी ह्यांची नजर माझ्याकडं गेली.

“काय गं, ताट तसंच टाकून? बाहेर ऊन आहे की अजून.”

“पोट भरलं,” मी म्हणाले.